खोलीपुरतं लग्न

सांता रीता साखर कारखाना,
९ फेब्रुवारी १९९२

ताई,

तू नाताळात टाकलेलं पत्र मला काल मिळालं. पोस्टमनला दोष देऊ नकोस. त्याच्या सायकलची चेन कुणीतरी पळवली, तेव्हापासून बिचारा पायी हिंडतो आणि ज्याच्या घरी कॉफी मिळेल तिथे बसतो. कॉफी म्हणजे काय, अर्धा भाजलेला वाटाणाच.

गुडघे सोडले तर माझी तक्रार नाही. गाळप सुरू झालंय, पण तेलच नाही म्हणून कारखाना चालतो थोडा आणि बंद असतो फार. ऊस कापून रुळाच्या कडेला पडलाय आणि आंबतोय. मी निवृत्त आहे हे बरं. वजनकाट्यावर बसून आंबलेला ऊस मोजायची माझी हिंमत झाली नसती.

तुझ्याकडे एक काम आहे. हवानात आम्हा चौघांना तीन रात्रींसाठी एक खोली पाहिजे, परवडेल अशी. चौघं म्हणजे आमचं डॉमिनोचं टेबल. मी, कासिमीरो, फिलोमेना आणि देलमिरा. निकानोर होता तोवर तो माझा भिडू होता, हे तुला माहीत आहे. तो गेल्यावर त्याच्या खुर्चीत देलमिरा बसायला लागली. ती निकानोरपेक्षा चांगली खेळते. देलमिराच्या हातात कुठली सोंगटी आहे ते तिच्या तोंडावरून कधीच कळत नाही.

जायचं आहे ते फिलोमेनासाठी. तिला काचबिंदू झालाय. शहरातला डॉक्टर म्हणाला, वर्षभरात उरलंसुरलं जाईल. दरवर्षी गाळप संपलं की हवानाला जाऊ म्हणायचो आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. परवा ती म्हणाली, आंधळं व्हायचंच आहे तर हवानाच्या कठड्यावर बसून एकदा समुद्र बघून होते. मग देलमिरा म्हणाली, आन्सेल्मोची बहीण आहे ना तिकडे, ती काहीतरी करेल. देलमिराला तुझ्याबद्दल फार आदर आहे.

तुझ्याच घरी उतरलो असतो, पण मागच्या खेपेला मी शिवणयंत्राखाली झोपलो होतो, आणि त्यानंतर तुला आणखी एक नातू झालाय. तेव्हा साधी खोली बघ. आम्हाला खाली जमिनीवर झोपायची सवय आहे. देलमिरा म्हणते, पाणी नसलं तरी चालेल.

तुझा,
आन्सेल्मो


हवाना,
२ मार्च १९९२

आन्सेल्मो,

खोली म्हणे, परवडेल अशी! बाबा रे, तू कुठल्या जगात राहतोस? इथली हॉटेलं आता परदेशी माणसांची, डॉलरवाल्यांची. दारावर उभा असतो तो आपल्यातलाच, आपल्यासारखाच साखरपाणी पिऊन आलेला, पण आपल्याला आत पाऊल टाकू देत नाही. गेल्या महिन्यात मी एका हॉटेलात नुसती मोरीला जायला शिरले, तर त्याने माझा दंड धरला. मी त्याच्या आईला ओळखते! तिच्याकडे जाऊन सांगितलं तेव्हा कुठे जीव थंड झाला.

आपल्या पेसोंत खोली मिळते ती दोनच जातींना. एक, कारखान्याने बक्षीस दिलेला कामगार. तुला तर निवृत्त होताना साधं घड्याळ दिलं नाही त्यांनी. दुसरी जात नवपरिणीतांची. लग्न लावलं की सरकार अजूनही एक केक, थोड्या बिअरच्या पेट्या आणि हॉटेलात तीन रात्री देतं. त्यामुळे इकडे लग्नांचा सुकाळ झालाय. आमच्या गल्लीतली एक मुलगी आपल्या सख्ख्या मित्राशी लग्न लावून आली, केक सगळ्यांनी खाल्ला, आणि महिन्याभराने दोघं हसत हसत जाऊन ते मोडून आली. मोडायला काही लागत नाही. अट एकच, दोघांचंही पहिलं लग्न पाहिजे.

तर तुमच्या टेबलावर कुणी बिनलग्नाचं असेल तर कळव. एक तर मला माहीत आहे. त्रेसष्ट वर्षांचा घोडा आहे, गुडघे दुखतात, आणि त्याच्या पत्रात देलमिराशिवाय दुसरं नाव नाही. पाणी नसलं तरी चालेल म्हणते म्हणे! तिला काय काय चालतं याची तुला बरीच माहिती दिसते.

सून म्हणते, मामांना सांगा येताना लसूण आणा. इथे लसूण सोन्याच्या भावाने जातो.

तुझी ताई,
सेवेरिना


सांता रीता,
३० मार्च १९९२

ताई,

तुझं पत्र मी टेबलावर वाचून दाखवलं. शेवटचा भाग सोडून.

कासिमीरो एवढा हसला की त्याच्या सोंगट्या पडल्या आणि सगळ्यांना दिसल्या. त्याचं जमत नाही, त्याची बायको बाराएक वर्षांपूर्वी बोटीने मायामीला गेली, पण कागदावर अजून त्याच्याच घरात आहे. फिलोमेना रीतसर लग्न झालेली, रीतसर विधवा. उरलो मी. आणि मग फिलोमेना म्हणाली, अगं देलमिरा, तुझं तरी कुठे कागदावर लग्न झालंय!

खरंच आहे ते. तुला आठवत असेल, निकानोरने तिला घोड्यावर बसवून आणलं आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दारात तांदूळ निवडत बसलेली सगळ्यांनी पाहिली, एवढंच लग्न. इकडे सगळ्यांचं तसंच. निकानोर म्हणायचा, ऊस काय कागदावर उगवतो? पस्तीस वर्षं संसार झाला, तीन मुलं झाली, ती त्याच्या नावावर लागली, पण सरकारदरबारी देलमिरा अजून कुमारी आहे. ती स्वतःही हसली. म्हणाली, बघा, मला अजून स्थळं येतात.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तू ओळखलंस, म्हणून लिहितो. निकानोर जिवंत असताना माझ्या मनात काही नव्हतं, त्याची शपथ. तो गेला, ती समोर येऊन बसली, आणि आता अशी गत आहे की ज्या दिवशी ती खेळायला येत नाही तो दिवस मला आठवतच नाही. खेळताना भिडूशी बोलायचं नसतं. डॉमिनो मुक्या माणसाने शोधला म्हणतात, आणि मी त्याचाच वंशज. इतकी वर्षं तिच्यासमोर बसतोय, आणि सोंगटीशिवाय तिच्यापुढे काही ठेवलेलं नाही.

ताई, मी तिला खरंच विचारू का? खोलीचं नाव न काढता, सरळ? लग्न करशील का, म्हणून? तू बाई आहेस, तुला कळेल. मला वाटतं की विचारावं. पण नाही म्हणाली तर टेबलही जाईल, आणि माझ्याकडे टेबलाशिवाय काही नाही.

आन्सेल्मो


हवाना,
२२ एप्रिल १९९२

आन्सेल्मो,

नाही. विचारायचं नाही. हे पत्र दोनदा वाच आणि तोंडाला कुलूप घाल.

अरे वेड्या, साठीच्या बाईला कुणी असं सरळ विचारतं का? ती घाबरेल. मुलं काय म्हणतील, लोक काय म्हणतील, मेलेल्याला काय वाटेल, हे सगळं एकदम तिच्या डोक्यात येईल आणि तोंडातून नाही निघेल. मग बस आयुष्यभर. त्यापेक्षा देवाने आयती खोली दिलीय. फिलोमेनाच्या डोळ्यांसाठी, चौघांच्या गमतीसाठी, म्हणून माग. कुठलीही बाई हो म्हणेल. एकदा सही झाली, एकदा हवानात हातात हात घालून फिरलात, की पुढचं आपोआप होतं. आधी खोली, मग मन. मी चार लग्नं जुळवलीत, त्यातली तीन टिकली.

आणि खोटं कशाला बोलू, बिअर आणि केकचं मी बघते. थोरल्या नातवाचा वाढदिवस सप्टेंबरात येतो.

दोघांचे जन्मदाखले पाठव. लवकर पाठव, रांग फार मोठी आहे.

सेवेरिना


सांता रीता,
२५ मे १९९२

ताई,

तू म्हणालीस तसंच केलं.

तिच्या घरी गेलो. ती परसात केळीची साल चिरून शिजवत होती, हल्ली आमच्याकडे मटणाच्या जागी तेच असतं. मी म्हणालो, देलमिरा, ते खोलीचं खरं करायचं का? फिलोमेनासाठी? नुसता कागद, आल्यावर बघू. ती सुरी हातात धरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच विचारायला आलास?" मी म्हणालो, हो, एवढंच. ती म्हणाली, विचार करून सांगते.

दोन-तीन दिवस ती टेबलावर आली नाही. मी तिच्या घरावरच्या रस्त्यानेही गेलो नाही, तिला वाटू नये की मी घाई करतोय. मग एका दुपारी स्वतःच आली, नेहमीसारखी बसली, सोंगट्या कालवल्या आणि म्हणाली, ठीक आहे, जाऊ या हवानाला. कासिमीरोने टेबलावर हात आपटून नवरीच्या नावाने आरडाओरडा केला. फिलोमेना रडली. मी सोंगट्या चुकीच्या लावल्या आणि तो डाव आम्ही हरलो.

दाखले आणायला तालुक्याच्या कचेरीत बरोबर गेलो, मालट्रकच्या मागे उभे राहून. तिच्या दाखल्याबरोबर एक वेगळा कागद मिळाला. त्यावर लिहिलंय, अविवाहित, पूर्वी विवाह झाल्याची नोंद नाही. देलमिराने तो बाहेर येऊन उन्हात वाचला. मग घडी घालून पिशवीत ठेवला, आणि परत येताना मुळीच बोलली नाही. मी विचारलं, ऊन लागलं का? ती म्हणाली, हो, ऊन लागलं असेल.

दाखले सोबत आहेत. लसूण कुणाबरोबर तरी पाठवतो.

मला आनंद झालाय का, ते सांगता येत नाही. घरात एकटा असलो की हसू येतं. तिच्यासमोर असलो की चोरी करून आल्यासारखं वाटतं.

आन्सेल्मो


हवाना,
३ जुलै १९९२

आन्सेल्मो,

झालं! तारीख मिळाली, सप्टेंबरातला दुसरा शनिवार. सकाळी आमच्या भागातल्या नोंदणी कचेरीत लग्न, दुपारी हॉटेल सान तेल्मो. जुनं आहे, पण समुद्र समोर. मी रांगेत एवढ्या खेपा घातल्या की तिथले लोक मला मावशी म्हणायला लागलेत. माझ्यापुढे विशीतल्या पोरी. एकीने विचारलं, आजी, नातीसाठी का? म्हटलं, नाही, धाकट्या भावासाठी. ती जी हसायला लागली ती आत जाईपर्यंत थांबेना.

खोली दोघांची आहे, पलंग एक आहे. पाहुण्यांना वर सोडत नाहीत. पण दारावरच्या माणसाशी बोलून ठेवलंय, बिअर दिली की तो नेमका तेव्हाच बूट बांधायला वाकेल. कासिमीरो आणि फिलोमेना तुमचे साक्षीदार, ते मागच्या जिन्याने येतील.

आणि ऐक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या दोघांना माझ्याकडे जेवायला बोलावणार आहे. तुम्हाला नाही. खोलीत तुम्ही दोघंच असाल. आता यापुढे तुझं तू बघ, तिथे काही मी येऊन बसू शकत नाही.

ती गप्प झाली म्हणून काळजी करू नकोस. लग्न ठरलेली बाई गप्पच होते. मीही झाले होते. ऊन लागलं म्हणे! या वयात सुद्धा लाजते, चांगलं लक्षण आहे.

इस्त्रीचा शर्ट आण. आणि ट्रेनमध्ये बसायला लाकडी पाट आण, बाक मोडलेत.

सेवेरिना


हवाना,
४ ऑक्टोबर १९९२

आन्सेल्मो,

तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले, पत्र नाही. नवरा झालास म्हणून बहिणीला विसरलास वाटतं.

माझ्या तर डोळ्यांसमोरून तुमचं लग्न हलत नाही. तुझा तो शर्ट, देलमिराने उसन्या आणलेल्या चपला, आणि कासिमीरोने तुमच्यावर उधळलेले तांदूळ, जे मागाहून सुनेने एकेक वेचून घेतले. नोंदणीवाल्या बाईने विचारलं, दोघांचंही पहिलंच ना? तू पटकन हो म्हणालास. देलमिरा किती वेळ थांबली! त्या बाईने पेन वर उचलून परत विचारलं, "बाई, आधी कुणाशी लग्न झालं होतं का?" तेव्हा कुठे हळूच म्हणाली, नाही, कुणाशीच नाही. चेहरा पांढराफटक. मी मागून फिलोमेनाला कोपर मारलं, म्हटलं, बघ, पोरीसारखी थरथरतेय. फिलोमेना हसली नाही. तिला बहुतेक दिसलं नसेल.

दुसऱ्या दिवशीच्या त्या संध्याकाळचं तर तू एक अक्षर सांगितलं नाहीस. स्टेशनवर विचारलं तर म्हणालास, छान होती खोली. खोली छान होती ते मला माहीत आहे, मीच मिळवली.

रेल्वेतल्या ओळखीच्या बाईबरोबर एक चादर पाठवतेय, डबल पलंगाची. माझ्या लग्नातली आहे, एकदाही अंथरली नाही. आता तुमच्याकडे अंथरा.

सेवेरिना


सांता रीता,
२ नोव्हेंबर १९९२

ताई,

चादर मिळाली. सुंदर आहे. अंथरली आहे.

इथे सगळं ठीक. फिलोमेना सगळ्यांना हवानाचा समुद्र सांगत असते. तिने खोलीच्या खिडकीतून आणि कठड्यावर बसून तो मन भरून पाहिला, आणि म्हणते की आता डोळे गेले तरी हरकत नाही. डावा गेलाच आहे. तुझे तिच्यावर फार उपकार झाले, तिने लिहायला सांगितलंय.

देलमिरा बरी आहे. कासिमीरोही बरा आहे. पाऊस जास्त झाला. या वर्षी गाळप होईल की नाही कुणाला माहीत नाही.

आन्सेल्मो


हवाना,
११ डिसेंबर १९९२

आन्सेल्मो,

रेल्वेतली बाई काल भेटली. ती म्हणाली, चादर द्यायला गेले तर तुमचे भाऊ एकटेच होते, चुलीवर एकट्यापुरतं भांडं होतं, आणि देलमिराबाई कुठे म्हणून विचारलं तर त्यांच्या घराकडे बोट दाखवलं. टेबल ओसरीवर उलटं करून ठेवलं होतं म्हणाली.

मी तुझी थोरली बहीण आहे. तुझा शेंबूड पुसलाय मी. खरं लिही.

सेवेरिना


सांता रीता,
१७ जानेवारी १९९३

ताई,

खरं लिहितो. तुझी चादर कपाटात आहे, घडीही मोडलेली नाही.

हॉटेलात पलंगावर दोघी बायका झोपल्या, आम्ही दोघं खाली. दुसऱ्या दिवशी ते दोघं तुझ्याकडे गेले आणि आम्ही खोलीत उरलो. नळाला पाणी नव्हतं, दिवे गेले होते, पण समुद्राचा थोडा उजेड होता. देलमिरा पलंगाच्या कडेला बसली. तिने केस सोडून परत बांधले होते, आणि ती उसनी चप्पल काढून नीट बाजूला ठेवली होती. मी खुर्चीवर. मनात म्हटलं, आता बोल. एवढ्या लांब बोलायलाच आलायस. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं ती घाबरलीय, माझ्याबरोबर एकटं राहायला घाबरलीय. तिची भीती जावी म्हणून मी म्हणालो, काळजी करू नकोस, परत गेलो की लगेच मोडून टाकू.

ती म्हणाली, "हो, मोडायचंच तर आहे." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. फिलोमेना येईपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठलो नाही.

इकडे आल्यावर ती टेबलावर आली नाही. आधी म्हणाली कंबर दुखते. मग म्हणाली, मुलीकडे काम आहे. मग कासिमीरोच्या हाती निरोप आला, कधी जायचं मोडायला? मी आज-उद्या करत राहिलो. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, ट्रक नाही म्हणालो. एवढा कागद हातातून जाऊ नये असं वाटायचं. रात्री तो काढून बघायचो. त्यात तिचं नाव माझ्या नावाशेजारी होतं, आणि मला तेवढंही पुरत होतं, हे मी तुला सांगतो, हसू नकोस. नाताळ झाल्यावर ती स्वतः दारात आली. आत आली नाही. म्हणाली, सोमवारी ट्रक जातोय.

सोमवारी गेलो. तालुक्याच्या कचेरीबाहेर बाकावर बसून राहिलो, आमच्या आधी पुष्कळ जोडपी होती, सगळी तरुण, सगळी हसत होती. आमच्यासारखीच, खोली आणि केक संपवून आलेली. देलमिरा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन्सेल्मो, एक खरं सांग. तुला खोली हवी होती, की मी?"

ताई, मला तेव्हाही लगेच बोलता आलं नाही. पण बोललो. म्हणालो, तू.

ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मग विचारलं का नाहीस? तू सुरी बघत उभा होतास आणि म्हणालास, नुसता कागद. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. म्हटलं, हा लाजाळू आहे, परत येईल आणि नीट विचारेल. तू आमच्या रस्त्यालासुद्धा फिरकला नाहीस. मग म्हटलं, चला, याला खोलीच हवी असेल."

मी म्हणालो, आता विचारतो. इथेच विचारतो. उठू या, घरी जाऊ या.

तिने मान हलवली. ती रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्या बाईने मला विचारलं, आधी कुणाशी लग्न झालं होतं का. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, कुणाशीच नाही. पस्तीस वर्षं ज्याचं शिजवलं, ज्याची तीन मुलं अंगावर वाढवली, त्याला मी कुणीच नाही म्हणाले. दुसरा नवरा करायला म्हणून तसं म्हणाले असते ना, तर मी त्याच्या थडग्यापाशी जाऊन त्याला समजावलं असतं. निकानोर समंजस होता. त्याला कळलं असतं, तुझ्यावर तर त्याचा जीवच होता. पण मी त्याला हॉटेलच्या खोलीसाठी नाकारलं, आन्सेल्मो. आता तुझ्याकडे बघितलं की मला माझं तेच बोलणं ऐकू येतं. मी रोज समोर बसून ते कसं ऐकू?"

आतून आमची नावं पुकारली. मी उठलो नाही, तर तिनेच माझ्या कोपराला धरून उठवलं. आत एक तरुण बाई होती. तिने विचारलं, भांडण आहे का, वाटणी आहे का, मुलं आहेत का? सगळ्याला नाही म्हणालो. ती म्हणाली, मग सोपं आहे. खरंच सोपं होतं, तू लिहिलं होतंस तसं. दोन सह्या. येताना ट्रकमध्ये गर्दी होती म्हणून आम्ही जवळ जवळ उभे होतो, आणि खड्डा आला की ती माझ्या दंडाला धरत होती, जसं कुणाही शेजाऱ्याच्या दंडाला धरलं असतं.

टेबल आता भरत नाही. फिलोमेनाला ठिपके दिसत नाहीत, कासिमीरो एकटा येऊन बसतो आणि विनोद सांगतो, मी ऐकतो. देलमिरा रस्त्यात भेटली की थांबून बोलते. माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

तू स्वतःला दोष देत बसशील, मला माहीत आहे. देऊ नकोस. तू सांगितलंस ते तुझ्या बुद्धीने, पण तिच्या परसात जाऊन उभा राहिलो होतो मी. ती सुरी हातात धरून मला विचारत होती, एवढंच विचारायला आलास? आणि मी हो म्हणालो. ताई, आयुष्यभरात मला होकार देणारी एकच बाई भेटली, आणि मी तिच्याकडे खोली मागितली.

आन्सेल्मो